पाण्यावरच्या महालक्ष्म्या

तात्यापारा, रायपूर
१६ जानेवारी २००२

चि. सौ. गंधालीस अनेक आशीर्वाद.

तुझं कारवारचं पत्र ऐन संक्रांतीला पोचलं. रमा तिळाच्या वड्या थापत होती. तिच्यासमोर पाट घेऊन मी ते मोठ्यानं वाचलं आणि दुपारी एकट्यानं पुन्हा वाचलं. एका ओळीवर पाणी पडून शाई पसरली आहे. ते समुद्राचंच पाणी असावं असं मी धरून चाललो आहे. नसलं तरी कळवू नकोस.

विहंग आमच्या दादांचा एकुलता. भनपुरीच्या धुळीत क्रिकेट खेळून वाढलेला पोट्टा जहाजावर इंजिनिअर झाला, इथवर ठीक होतं. पण नोकरी सोडून, पुण्याचं बिऱ्हाड मोडून, बायकोसह शिडाच्या जुन्या बोटीवर राहायला जाणं आमच्या पाऱ्याला, म्हणजे आळीतल्या लोकांना, अजून पचलेलं नाही. शेजारच्या विजयाबाई दर आठवड्याला विचारतात की पोरं घरी कधी जाणार. मी सांगतो, बोट हेच घर. त्या मान हलवून 'हव' म्हणतात आणि रमाकडे दयेनं पाहतात.

रमाचे प्रश्न असे: भांडी कुठे घासतेस? गोडं पाणी कोण भरतं? भाजीवाली येते का? माझा प्रश्न एकच: पहाटे डोळा उघडल्यावर पहिलं काय दिसतं?

आता महत्त्वाचं. भाद्रपदातल्या आपल्या घरच्या महालक्ष्म्या तू लग्नाच्या वर्षी पाहिल्या आहेस. रमाचे गुडघे आता ऐकत नाहीत. ती म्हणते, "या भादव्यात गंधालीनं मांडाव्या. मी बाजूले बसून सांगीन. आपल्यात दुसरी सून नाही. तिनं नाही घेतल्या तं बंद." हा 'बंद' शब्द ती फार सहज म्हणाली. मी मात्र रात्रीचं जेवण नीट जेवलो नाही.

पुढच्या बंदराच्या पोस्टात पत्र ठेवायला सांगितलं आहेस, तसं हे मालप्याला पाठवतो.

तुझा काका,
चारुदत्त


मालपे
२१ फेब्रुवारी २००२

ती. काकांना आणि काकूंना साष्टांग नमस्कार.

काका, पहाटे डोळा उघडल्यावर पहिलं दिसतं ते एक नारळाचं झाड आणि एका देवळाचा कळस. नांगर टाकला की आम्ही किनाऱ्यावरच्या दोन निशाण्या एका रेषेत धरून ठेवतो. सकाळी त्या रेषेतच असल्या तर नांगर धरून आहे. झाड कळसापासून सरकलं, तर झाड नाही, आपण सरकलोय. चहाच्या आधीचं हे पहिलं काम.

काकूंना सांगा, भांडी समुद्राच्या पाण्यात घासते आणि शेवटी पेलाभर गोड्या पाण्यात विसळते. गोडं पाणी कॅनमधून, छोट्या होडीतून आम्हीच आणतो. आणताना विहंग कण्हतो, वापरताना विसरतो. कपडे बादलीत पायांनी तुडवायचे. मग तळात झिरपलेलं पाणी पंपानं उपसायचं, शिडाची उसवलेली शिवण घालायची, दोऱ्या तपासायच्या. भाजीवाली येत नाही, कोळणी येतात. इथे बोटीवर मी सगळ्यात आधी गाठी शिकले. डबे, पुस्तकं, चपला, बादली, सगळं बांधून ठेवावं लागतं. न बांधलेली वस्तू दुसऱ्या दिवशी डोक्यावर पडते.

कारवारहून इथवर आलो ते छोट्या टप्प्यांत. सकाळी निघायचं, ऊन कलताना पुढच्या खाडीत शिरायचं. तुम्हांला वाटतं तसं रोज शीड फुगलेलं नसतं. अर्धा वेळ इंजिन ठकठकत असतं आणि मी तांदूळ निवडत असते. चूल मात्र पाहण्यासारखी आहे. दोन बाजूंनी टांगलेली. बोट कितीही कलली तरी ती सरळच राहते, आमटी सांडत नाही.

महालक्ष्म्यांचं मी मनावर घेतलं आहे. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवू आणि भाद्रपदात रायपूरला येऊ. काकूंच्या देखरेखीखाली मांडीन. बंद नाही होणार.

तुमची,
गंधाली


रायपूर
२५ मार्च २००२

चि. सौ. गंधालीस आशीर्वाद.

निशाण्यांची गोष्ट वाचून मी पलंग खिडकीशी ओढला. आता उठल्यावर समोरचा पिंपळ आणि विजेचा खांब रेषेत आहेत का ते बघतो. रमा म्हणाली, "आहे ना घर जाग्यावर? मंग दूध आणा."

तुला ठाऊक नसेल, मी समुद्र पाहिलेला नाही. उभा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेला. माझ्या हातून पेट्या मद्रासला गेल्या, विशाखापट्टणमला गेल्या, मी गेलो नाही. पण समुद्र मला पाठ आहे. आमचे बाबाराव मास्तर मराठी शाळेतली पोरं घेऊन बूढा तालाबच्या पायऱ्यांवर बसत आणि स्वतः केलेली कविता म्हणवून घेत:

शिडात वारा, वाऱ्यात सूर,
गलबत माझे चालले दूर.

मास्तरांनीही समुद्र पाहिला नव्हता. तलावात म्हशी बसलेल्या असत. एकदा मी विचारलं, मास्तर, समुद्र याच्याहून किती मोठा? ते म्हणाले, पलीकडची म्हैस दिसली नाही की समुद्र समजावा. ती ओळ म्हणताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. हसू नकोस. तू तांदूळ निवडतेस त्या बोटीवर मी साठ वर्षं मनानं बसलो आहे.

तुम्ही येणार हे ऐकून रमानं मुखवटे ज्या तांदळाच्या डब्यात असतात, त्यातला तांदूळ बदलला. गोल बाजारातून नवे खण आणले. बैठकीच्या खोलीत त्या कुठे उभ्या राहायच्या, फुलोरा कुठल्या कडीला टांगायचा, ते तिचं तिलाच पाठ आहे, तरी मला दाखवून झालं.

बाकी क्षेम. रायपूर राजधानी झालं म्हणून रस्ते मोठे करून राहिले. माणसं मोजायची फीत घेऊन हिंडतात. लाल दिव्याची गाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी अडकते आणि गाय काही तिच्यासाठी उठत नाही.

तुझा काका


कोची
१९ मे २००२

ती. काका आणि काकू यांना नमस्कार.

पत्राला उशीर झाला. मंगळूर, कण्णूर, बेपूर असं करत इथे पोचलो. बेपूरच्या तोंडाशी इंजिन तापलं. पाणी ओढून घेणाऱ्या नळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती, साडीच्या दुकानाची. विहंग अर्धा दिवस तिथे उलटा लोंबकळत होता. नांगराची साखळी ओढून माझ्या तळहातांना घट्टे पडलेत. पुण्यातल्या मैत्रिणीनं फोटो मागितला तर हात पाठीमागे घेऊन काढला.

आता कसं लिहू कळत नाही. बोट किनाऱ्यावर ओढून ठेवायची सोय झाली नाही. पावसाळा इथल्या खाडीतच, पाण्यावर काढायचा आहे. तळात पाणी झिरपतं, ते रोज उपसावं लागतं, आणि वारा फिरला की नांगर बघावा लागतो. एकट्याच्या भरवशावर तिला फार दिवस सोडता येत नाही. विहंग म्हणतो, "तू हो आ, मैं देख लूँगा." पण त्याच्या हाताला इंजिनाचा पट्टा लागून खोल कापलं आहे. साखळी एकट्यानं ओढणं त्याला जमायचं नाही.

काका, मी शब्द दिला होता. या वर्षापुरतं काकू मांडतील का? पुढच्या वर्षी कसंही करून येईन.

तुमची,
गंधाली


रायपूर
११ जून २००२

चि. सौ. गंधालीस आशीर्वाद.

मनाला लावून घेऊ नकोस. संसार सोडून सणाला यावं असं कुठल्या शास्त्रात नाही. विहंगच्या हाताला हळद-तूप लावत जा. इकडे सर्व ठीक आहे. रमा मांडेल. बसून मांडेल. कोचीचं पाणी कोणत्या रंगाचं आहे ते लिहिलं नाहीस.

तुझा काका

(याच कागदाच्या मागे, पेन्सिलीनं:)

गंधाली, हे पत्र पेटीत टाकाले मीच चालली, म्हणून मागं लिहून राहिली. ह्यांनी तुले सांगतलं नसन. आपली बैठकीची खोली रस्त्यात गेली. एप्रिलात पाडली. पैसे देल्ले, भांडण नाही. पण महालक्ष्म्या त्याच खोलीत बसत. आता मधली खोली अन् सैपाकघर राह्यलं. मधल्या खोलीत ह्यांचा पलंग, माह्या मशीनचा टेबल, अन् समोर उघडा रस्ता. दरवाजा नाही. मारोती सुताराले बोलवा म्हणून मी रोज सांगतो, तं हे टिनाचा पत्रा उभा करून बसले. म्हणतात, पाहू. काय पाहू? दरवाजा लावला की खोली गेली हे खरं होईल, म्हणून लावत नाहीत. मले सगळं समजते.

तू येत नाही, जागा नाही. मी यंदा मुखवटे देवळात नेऊन देणार. वाईट वाटून घेऊ नको. ह्यांले अजून सांगतलं नाही.
रमाकाकू


कोची
३ जुलै २००२

ती. काकूंना साष्टांग नमस्कार, काकांनाही.

पत्र दोन्ही बाजूंनी वाचलं. काका, तुमच्यावर मी रागावले आहे, पण ते भेटीत.

काकू, मुखवटे देवळात देऊ नका. ते घेऊन तुम्ही दोघं इकडे या. बोटीत मांडू. हसू नका, मी मोजून पाहिलंय. डोलकाठी वरून खाली केबिनमधून थेट तळापर्यंत जाते, खांबासारखी. तिच्या दोन बाजूंना तांदळाचे दोन डबे ठेवले तर त्यावर मुखवटे बसतील, साडीही नेसवता येईल. वर फुलोऱ्याला कडी आहे. चूल एकच आणि छोटी, पण सोळा भाज्या एकत्रच शिजवायच्या ना?

आपल्यात त्या एकदा बसल्या की तिसऱ्या दिवसापर्यंत हलवायच्या नाहीत, हे मी विसरले नाही. आणि बोट तर सारखीच हलते.  याचं काय करायचं ते तुमच्यावर सोडते. तुम्ही नाही म्हणालात तर नाही.

तुमची सून,
गंधाली


रायपूर
९ ऑगस्ट २००२

चि. सौ. गंधालीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून झाल्यावर रमा मशीनवर जाऊन बसली. दोन आठवड्यांनी मी तुझी टांगती चूल पुन्हा वाचून दाखवली, तर म्हणाली, चूल हलत नसन, देवी का चुलीवर बसणार आहे? विषय संपला असं मी समजलो. देवळातल्या गुरुजींना निरोपही गेला.

मग परवा आपल्या दारावरून, म्हणजे पत्र्यावरून, हिरालाल राऊत कावड घेऊन गेला. नळाची मोठी लाइन फुटली आहे, म्हणून तो पुन्हा कावडीनं पाणी घालतो. रस्ता खणलेला, त्यात तो उड्या मारत चाललेला. खांद्यावरचा बांबू वाकत होता, तो स्वतः वाकत होता, आणि दोन्ही टोकांच्या हंड्यांतलं पाणी शांत. रमानं त्याला थांबवलं आणि परत जाऊन पुन्हा यायला लावलं. त्याला वाटलं बाईंना ऊन लागलं. दोनदा पाहून ती आत आली आणि मला म्हणाली, "चालणारा हलते. नेलेलं नाही हलत. लिहा तिले, येतो म्हणून."

पण एक अडचण आहे. दोघांना येता येत नाही. घराला दरवाजा नाही. पत्र्याच्या भरवशावर घर टाकून कसं येऊ? रमा म्हणाली, अजून महिना आहे, मारोतीला बोलवा. मी म्हटलं, बघू. तिनं मग आपली एकटीची ट्रंक काढली.

तर रमा येईल. मी घर राखतो. विहंगनं येऊन तिला न्यावं, तेवढे दिवस तू बोट सांभाळ. ती एकटी कधी गाडीत बसलेली नाही. लग्नानंतर आम्ही एकमेकांना पत्र लिहावं असा प्रसंगही आलेला नाही. माझ्या वाटचा समुद्र तिला दाखव. तिला कवितेचं वावडं आहे, तेव्हा सूर्यास्ताला हात धरून बाहेर बसव, नाहीतर ती भांडी घासत राहील.

तुझा काका


कोची, बोटीवरून
१७ सप्टेंबर २००२

तुमास नमस्कार.

सुरुवात काय करू समजत नाही. गंधाली म्हणे 'प्रिय' लिहा. मी म्हटलं, चूप.

महालक्ष्म्या झाल्या. नीट झाल्या. पहिले हे सांगून देतो, मंग बाकीचं.

बोट आपल्या सैपाकघराएवढी. झोपाची जागा म्हणजे रेल्वेचा बर्थ. पह्यल्या दिवशी मी डोकं चार ठिकाणी आपटलं. पाणी इतकं मोजून की मी दोनदा हात धुतले तं विहंग कॅनकडे पाहे. आता मीबी समुद्राच्या पाण्यात भांडे घासतो. वाळूनं घासल्यासारखे लखलख निघतात. सकाळी उठून निशाण्या पाहाचं काम गंधालीनं मले देल्लं. एक चर्चचा मनोरा, एक पाण्याची टाकी. तुमच्या पिंपळासारखंच, पण इथं खरंच सरकते.

देवी बसवाच्या दिवशी दारात कोणी विचारावं, कोण आलं, हे तुमचं काम. इथं विहंग आत उभा राह्यला अन् म्हणे, "कौन आया?" मी म्हटलं, अरे, मराठीत विचार, देवी का परीक्षेले बसली आहे हिंदीच्या? तो लाजला, पण त्याले शब्दच येईना. मंग मीच उत्तर देल्लं, "महालक्ष्मी आल्या." तो म्हणे, "कैसे आयीं?" सोन्याच्या पावलांनी म्हणाचं तं माह्या तोंडून निंगालं, पाण्यावरून आल्या. पाच पावलात घर संपलं.

गंधालीनं डबे डोलकाठीले दोरीनं बांधले. मी रागावली. देवीले बांधतात काय? ती म्हणे, काकू, इथं सगळं बांधा लागते. मंग माह्या ध्यानात आलं, तिसऱ्या दिवशी आपण सुताले सोळा गाठी पाडून गळ्यात घालतोच ना. गाठीचीच देवी आहे. मंग दुसऱ्या डब्याची गाठ मी पाडली. गंधालीनं ती सोडून पुन्हा पाडली, माही ढिली होती.

आता आयका. जेवणाच्या दिवशी विहंग लहान होडी घेऊन केळीचे पानं आणाले गेला. माह्या हाताले पुरणाची कणीक. बाहेर पाह्यलं तं मनोरा टाकीच्या मागून निंगाला. पह्यले वाटलं माहेच डोळे. मंग गंधालीले हाक मारली. ती वर आली, पाह्यलं, म्हणे, काकू, नांगर सुटला, मागं दगडं हायेत, बोट हलवा लागन. अन् उभी राह्यली माह्याकडे पाहत. वारा असा अन् ही पोरगी परवानगीसाठी उभी. मी नाही म्हणती तं तिनं काय केलं असतं मले माहीत नाही.

मी म्हटलं, "देवी बसली आहे. आपल्याले कोणी बसवलं? चालव."

तिनं इंजिन सुरू केलं, पुढं धावली साखळी ओढाले. जाताना सुकाणूचा दांडा माह्या हातात देल्ला. म्हणे, मनोऱ्याकडे तोंड ठेवा. असं म्हणून गेली. कणकीच्या हातानं धरला मी. बोट एकदा इकडं पळे, एकदा तिकडं. माह्या हातून आधी उलटंच होये, मंग समजलं, जिकडं जायचं त्याच्या उलट दांडा लोटाचा. साखळी आली म्हणून गंधाली ओरडली, अन् आमी बेटाच्या आडोशाले गेलो. तुमी जलमभर कविता म्हटली, अन् गलबत म्या चालवलं. शीड गुंडाळलेलं होतं, ते काही तुमच्या मास्तरले सांगू नका.

नांगर पडल्यावर खाली गेली. भीत भीत गेली. दोघी जशाच्या तशा. कनिष्ठेची नथ तेवढी वाकडी. फुलोरा कडीले सरळ लटकून होता, करंजी पडली नाही. मी दोघींच्या मधात बसली अन् मले रडू आलं. तुमी पाह्यजे होते. तुमच्या कवितेसाठी नाही. तुमी असते तं कोण आलं म्हणून नीट विचारलं असतं.

सूर्यास्त पाह्यला. लाल असते. पाणी हिरवट, मातकट. पल्याडची म्हैस दिसत नाही.

आता मुखवटे मी इथंच गंधालीच्या तांदळाच्या डब्यात ठेवून येतो. त्या तिच्या झाल्या. पुढच्या वर्षीपासून आपण पाहुणे. पाहुण्यानं दोघांनी जा लागते. म्हणून सांगतो, घराले कुलूप लावता येईल असा दरवाजा तेवढा बसवून घ्या.

रमा


रायपूर
२६ सप्टेंबर २००२

सौ. रमेस,

तुझं पत्र आलं. मलाही सुरुवात सुचत नाही, तेव्हा फिटंफाट.

देवी बसायच्या दिवशी, सांजेच्या वेळी, मी मधल्या खोलीत उभा होतो. सवयच ती. पत्र्याकडे तोंड करून विचारलं, कोण आलं? बाहेरून आवाज आला, "मैं हूँ बाबूजी, हिरालाल. पानी डालूँ का?" मी म्हटलं, ये. त्यानं हंडा ठेवला. थेंब सांडला नव्हता. घरात गूळ होता, तो त्याच्या हातावर ठेवला.

तुझं पत्र मी विजयाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, मग आता बोट कोण चालवतं, रमाबाईच का? मी हव म्हटलं.

एकट्यानं किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मास्तरांची ओळ म्हणू गेलो, तर शिडाच्या जागी तुझे कणकीचे हात येतात आणि पुढची ओळ आठवत नाही. म्हातारपण असेल.

मारोती सुतार काल येऊन गेला. चौकट बसली, दार बसलं. सागवानाचं म्हणतो, मला तसं वाटत नाही. दार लावलं आणि खोलीत अंधार झाला, तेव्हा बैठक गेल्याचं पहिल्यांदा समजलं.  मग गोल बाजारात जाऊन कुलूप आणलं. बाहेर रस्त्यावर उभं राहून लावून पाहिलं, ओढून पाहिलं. धरतं.

किल्ल्या तू आल्यावर तुझ्याकडे देतो. माझ्याकडून हरवतील.

चारुदत्त